जुन्या गाडीचा कार्बोरेटर रिबिल्डला देताय? आधी हे वाचा

आमच्याकडं पद्मिनी, अ‍ॅम्बॅसेडर, जुन्या पेट्रोल जीपा, अधूनमधून कार्बवाली मारुती ८००, अशा गाड्यांचे कार्ब, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारे कार्बोरेटर, दुरुस्तीला येत असतात. थोडे इथले कोल्हापुरातले, बाकी पुणे, मुंबई, बेळगाववरून कुरिअरनं. आणि जवळजवळ प्रत्येकाशी फोनवर तेच बोलणं होतं म्हणून शेवटी हा कागद काढला. चोक कशाला असतो, फ्लोट काय करतो हे इथं सांगत बसत नाही, जुनी गाडी सांभाळणाऱ्याला ते माहीत असतंच.

सांगायचं एकच आहे. कार्ब उघडून आणू नका. आणि धुऊन तर अजिबात आणू नका.

"तुमचं काम हलकं व्हावं म्हणून सगळं खोलून स्वच्छ करून आणलंय" असं म्हणत गिऱ्हाईक पिशवी पुढं करतं, भावना चांगली असते, पण आमचं काम तिथंच दुप्पट झालेलं असतं. सोलेक्स बनावटीच्या कार्बात मेन जेट, पायलट जेट, एअर जेट, पंपाचा जेट असे पेट्रोल किंवा हवा मोजून सोडणारे, बारीक भोकाचे चार-पाच पितळी तुकडे असतात, काही एकमेकांसारखे दिसतात, आणि कुठला कुठून निघाला हे खोलणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सांगता येत नाही. जेटवर नंबर असतो हे खरं, १२० म्हणजे भोक साधारण १.२० मिलिमीटर, पण पन्नास वर्षांच्या गाडीत मधल्या कुणीतरी कंपनीचा नंबर बदलून दुसराच टाकलेला असतो आणि गाडी त्यावर बरी चालत असते. तो कुठं बसला होता हेच गेलं तर आम्हाला शून्यापासून ट्यूनिंग करावं लागतं.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो नीडल व्हॉल्व्हच्या (पेट्रोल आत सोडणारी-थांबवणारी सुई) सीटखालचा, म्हणजे ती सुई जिथं बसते त्याखालचा वॉशर. नखाएवढा असतो, कळकट असतो, बघून वाटतं काहीतरी कचरा चिकटलाय. पण सोलेक्सला फ्लोट चेंबरमधल्या, म्हणजे कार्बातल्या पेट्रोलच्या वाटीतल्या, पेट्रोलची पातळी त्या वॉशरच्या जाडीवरच ठरते. तो पातळ झाला की सीट वर सरकते, पेट्रोल जास्त चढतं, गाडी गरम झाली की ओव्हरफ्लो, काळा धूर आणि मायलेजची बोंब. पिशवीतून आलेल्या कार्बात हा वॉशर बहुतेक वेळा नसतोच. मग आम्ही वेगवेगळ्या जाडीचे वॉशर घालून, पेट्रोल सोडून, पातळी मोजत बसतो, अर्धा दिवस त्यात जातो आणि बिल तुमचंच वाढतं. अ‍ॅक्सिलरेटर पंपाच्या, म्हणजे पॅडल दाबल्यावर जादा पेट्रोल सोडणाऱ्या पंपाच्या, वाटेतला बारीक बॉल पण तसाच, खोलताना टपकन खाली पडतो आणि सापडत नाही, आणि नंतर तक्रार येते की पॅडल दाबलं की गाडी आधी गचके खाते मग उचलते.

धुऊन का नको ते पण सांगतो. आत जी घाण असते ती वाचता येते. चेंबरच्या तळाला तांबडी पूड असेल तर दोष टाकीत आहे, गंज तिथून येतोय. पांढरी बुरशीसारखी पूड म्हणजे पाणी उतरलंय. चिकट पिवळा-तपकिरी थर म्हणजे गाडी बरेच महिने उभी होती आणि पेट्रोल आतच सुकलंय. हे सगळं तुम्ही ब्रश मारून काढलंत की आम्ही कार्ब नवा करून देतो, तुम्ही तो त्याच गंजलेल्या टाकीला जोडता, आणि पंधरा दिवसांत फोन येतो की तुमचं काम टिकलं नाही.

आणि दोन गोष्टी कृपा करून करूच नका. एक, जेटमध्ये तार किंवा सुई घालणं. पितळ मऊ असतं, स्टीलची तार भोक खरवडून मोठं करते. १.२० चं भोक १.२५ झालं तर डोळ्याला काही कळत नाही पण क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढलेलं असतं, तेवढं जास्त पेट्रोल जायला वाट मिळाली. अडकलाच असेल तर कार्ब क्लीनर आणि हवा, बस. दुसरं, टॉयलेट क्लीनर नाहीतर कॉस्टिकमध्ये बुडवणं. व्हिडिओत चकचकीत दिसतं पण बऱ्याच कार्बांची बॉडी झिंकच्या मिश्रधातूची असते, अ‍ॅसिड आणि कॉस्टिक दोन्ही ती खातात, आतल्या बारीक वाटा खडबडीत होतात आणि त्यावर आमच्याकडं पण इलाज नाही. आमच्याकडून गेलेला कार्ब आरशासारखा चमकत नाही, तो मुद्दाम तसा ठेवलेला असतो.

आता "बाजारात तासाभरात करून देतात, तुम्हाला दहा दिवस कशाला लागतात" याबद्दल. तासाभरात होतं ते किट टाकणं, म्हणजे नवीन गॅस्केट, नवीन नीडल, डायफ्राम. चालू गाडीला तेवढं पुरतं सुद्धा, आम्हीच काही लोकांना सांगतो की रिबिल्ड नको, किट टाका. पण थ्रॉटलचा स्पिंडल, म्हणजे हवेची वाट उघडणाऱ्या चकतीचा दांडा, जिथं फिरतो ते भोक वर्षानुवर्षं घासून लंबगोल झालेलं असतं, तिथून हवा ओढली जाते आणि मग आयडलिंग, म्हणजे पॅडल न दाबता इंजिनाचं चालत राहणं, काही केल्या बसत नाही, लोक मिक्श्चरचा स्क्रू पिळत राहतात. ही गोष्ट किटनं जात नाही. भोक मोठं करून, लेथवर पितळी बुश (आत बसणारी छोटी नळी) करून, रीमरनं ती नेमक्या मापाची करून नवीन स्पिंडल बसवावा लागतो. थ्रॉटलच्या चकतीला दोन बारीक स्क्रू असतात, ते निसटले तर थेट इंजिनात जातात, म्हणून त्यांची टोकं परत ठोकून फाकवावी लागतात. खालचा फ्लँज, म्हणजे कार्ब इंजिनावर बसतो ती सपाट कड, त्याचे नट आवळून आवळून वाकलेला असतो, तो सपाट करायचा. घाईत हे होत नाही आणि आम्ही करत पण नाही.

अ‍ॅम्बॅसेडरवाल्यांनी, म्हणजे ज्यांना एस.यू. बनावटीचा कार्ब आहे त्यांनी, वरचा डोम (घुमटासारखं झाकण) आणि त्यातला पिस्टन ही जोडी फोडू नका. ते एकमेकांना बसतील असेच केलेले असतात, दुसऱ्या कार्बाचा पिस्टन घातला तर अडकतो नाहीतर हवा सोडतो.

इथेनॉलचं सगळेच विचारतात. आता पंपावर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत हे खरं. जुनं रबर फुगतं, पाइप आतून सोलवटतात, आणि इथेनॉल हवेतलं पाणी धरतं म्हणून उभ्या गाडीत त्रास जास्त. आम्ही डायफ्राम आणि नीडलचं टोक इथेनॉलला टिकणारं वापरतो, त्याचे थोडे जास्त पैसे लागतात, नको असेल तर तसं आधी सांगा. पण पाइप तुमचे जुनेच राहिले तर उपयोग नाही, ते इथंच बदलून मिळतात. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर निदान चेंबर रिकामा करून ठेवा.

टाकी साफ केल्याशिवाय आम्ही वॉरंटी देत नाही, यावर खूप जण नाराज होतात, पण कारण वर आलंच आहे. टाकी आणि गाडीतला पेट्रोल पंप पण सोबत पाठवला तर दोन्ही तपासून देतो, कार्बसोबत असेल तर पंपाच्या तपासणीचे वेगळे पैसे घेत नाही. आणि पाठवायच्या आधी ठिणगीचे पॉइंट आणि प्लग, इंजिनाच्या व्हॉल्व्हचे टॅपेट एकदा बघून घ्या, त्रास तिथलाही असू शकतो. येणाऱ्यांपैकी बऱ्याच कार्बांत मोठा दोष नसतोच, तेव्हा आम्ही तसं सांगून फक्त तपासणीचे पैसे घेऊन परत करतो.

पाठवताना चेंबरमधलं पेट्रोल पूर्ण काढा, कुरिअरवाले वास आला तरी पार्सल परत करतात. भोकं स्वच्छ कापडानं बंद करा, लिंकेज (पॅडलला जोडणाऱ्या दांड्या) आणि चोकची क्लिप सोबत ठेवा, कार्बाखालचा जाड बेकलाइटचा (कडक प्लॅस्टिकचा) तुकडा पण. चिठ्ठीवर गाडीचं मॉडेल, साल, आणि नेमका त्रास थंड असताना होतो की गरम झाल्यावर ते लिहा. काढायच्या आधी सकाळच्या पहिल्या स्टार्टचा एक मिनिटाचा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलात तर फारच उत्तम. सोमवारी वर्कशॉप बंद असतं.