‘५५०, असा कोणी इथे नाही’ : परत येणाऱ्या मेलची पार्श्वभूमी

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी वार्षिक सभेची नोटीस सगळ्या सभासदांना मेलने धाडली. चहा संपेपर्यंत त्यांच्या इनबॉक्समध्ये ‘मेलर-डीमन’ नावाच्या कुणाची साठेक पत्रं येऊन पडली होती. “हा कोण इसम आणि याला आपल्या सभेचं काय पडलंय?” असं विचारत ते लॅपटॉप घेऊनच माझ्या दारात उभे राहिले. लोकांनी पत्ते बदलले आणि कळवले नाहीत, हा त्यांचा निष्कर्ष तयारच होता.

आधी त्या इसमाबद्दल. हा डीमन म्हणजे सैतान नव्हे. पडद्याआड गुपचूप काम करत राहणाऱ्या प्रोग्रामला १९६३ च्या सुमारास एमआयटीतल्या ‘प्रोजेक्ट मॅक’च्या मंडळींनी हे नाव दिलं. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने एका विचारप्रयोगात दारावर बसून रेणू निवडणारा काल्पनिक जीव उभा केला होता, त्याच्यावरून. मेलर-डीमन म्हणजे टपाल वाटणारा तसाच एक अदृश्य गडी. तो निरोप परत घेऊन येतो, कारण कधीकाळी तसा शब्द दिला गेला आहे.

अमेरिकन अभियंता रे टॉमलिन्सनने १९७१ मध्ये नावापुढे ‘@’ लावून पहिला मेल पाठवला तेव्हा ती दोन यंत्रं एकाच खोलीत शेजारी शेजारी होती. तिथे निरोप हरवला तर उठून बघता येत होतं. यंत्रं गावोगाव पसरली आणि एकाचा निरोप दुसऱ्यामार्फत तिसऱ्याकडे जाऊ लागला, तेव्हा नियमांची गरज पडली. ऑगस्ट १९८२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या जॉन पोस्टेल या संगणकशास्त्रज्ञाने ते ‘आरएफसी ८२१’ या दस्तऐवजात लिहून काढले. (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारे क्रमांकवार कागद.) आजही जगभरचा मेल ज्या एसएमटीपी नावाच्या नियमावलीवर चालतो, ती ही. त्यातला कळीचा नियम असा : एखाद्या सर्व्हरने निरोप पुढे नेण्याचं काम अंगावर घेतलं आणि नंतर तो पोचवता येत नाही असं दिसलं, तर पाठवणाऱ्याला तसं कळवायलाच हवं. समोरच्या सर्व्हरचं ‘२५०’ हे उत्तर म्हणजे ‘घेतलं ताब्यात’. त्यानंतर एक तर पोचवा, नाही तर नकार कळवा. तिसरी वाट नाही.

त्या दस्तऐवजात अशा परतीच्या पत्राचा नमुनाही दिला आहे. मजकूर साधारण असा : सॉरी जो, सॅमला पाठवलेला तुझा निरोप हरवला, तिकडच्या यंत्राचं म्हणणं आहे, ‘५५०, असा वापरकर्ता नाही’. चाळीस वर्षांत या पत्राची घडण बदललेली नाही. पत्र लिहिणारा एक आणि नकार देणारा दुसराच. सेक्रेटरींच्या हातातली पत्रंही बहुतेक त्यांच्याच बाजूच्या सर्व्हरने लिहिली होती. पलीकडच्याचे शब्द होते ते फक्त मधल्या बारीक अक्षरातल्या, आकड्याने सुरू होणाऱ्या ओळीत. ती ओळ सोडून बाकीचं सगळं लोक वाचतात!

आकड्यांची पद्धत फाइली पाठवण्याच्या एफटीपीकडून उचललेली होती. पहिला अंक २ असेल तर काम झालं, ४ असेल तर आत्ता जमत नाही, नंतर बघा, आणि ५ असेल तर पुन्हा येऊ नका. मधला अंक तक्रार कशाबद्दल आहे ते सांगतो. तिथे ५ म्हणजे खुद्द टपालव्यवस्था.

एक खाचही पोस्टेलने आधीच बुजवली होती. परतीचं पत्रसुद्धा पोचलं नाही तर? त्याचं परतीचं पत्र, मग त्याचंही… दोन सर्व्हर जन्मभर एकमेकांना ‘पोचलं नाही’ म्हणत बसले असते. म्हणून परतीच्या पत्राच्या पाकिटावर पाठवणाऱ्याची जागा कोरी ठेवायची अशी वाट त्याने सुचवली : दोन कोनी कंस, आत काही नाही. कोऱ्या पाकिटाला उत्तर पाठवायचं नाही.

मग प्रश्न उरतो तो चार-पाच दिवसांनी उगवणाऱ्या ‘पोचलं नाही’चा. पत्ता चुकला होता तर तेव्हाच का नाही सांगितलं? याचं उत्तर ऐंशीच्या दशकातल्या तारांमध्ये आहे. आपल्याकडे १९८६ मध्ये शिक्षण-संशोधन संस्थांना जोडणारं अर्नेट हे जाळं सुरू झालं. जुहूची एनसीएसटी ही संस्था आणि पवईची आयआयटी यांच्यातला सुरुवातीचा मेल साध्या टेलिफोन लाइनवरून फोन लावून जायचा. लाइन लागली नाही तर निरोप रांगेत थांबायचा. जगात सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच चालू होतं; शनिवार-रविवारी यंत्रं बंदही असत. म्हणून १९८९ च्या ‘आरएफसी ११२३’ने सांगितलं की नकार ४ ने सुरू होत असेल तर किमान अर्धा तास थांबून पुन्हा प्रयत्न करा आणि चार-पाच दिवस तरी हार मानू नका. एरिक ऑलमनच्या सेंडमेल या प्रोग्रामने बर्कलीतून निघून जगभरची टपालखोली ताब्यात घेतली होती. त्यात चार तासांनी ‘अजून पोचलेलं नाही’ अशी सूचना आणि पाच दिवसांनी परतीचं पत्र, असा रिवाज बसला. सोमवारी चुकलेल्या पत्त्याची बातमी शनिवारी येते ती या रिवाजामुळे. हल्ली काही मोठ्या सेवांनी मुदत एक-दोन दिवसांवर आणली आहे.

नव्वदीत दुसरीच अडचण आली. प्रत्येक प्रोग्राम परतीचं पत्र आपल्या लहरीने लिहायचा. क्यूमेल या प्रोग्रामचं तर ‘हाय’ म्हणून सुरू व्हायचं आणि आपण प्रयत्न सोडून दिल्याची दिलगिरीही त्यात असायची. माणसाला वाचायला गोड, पण हजारो सभासदांना मेल पाठवणाऱ्या यंत्राला त्यातून काय कळणार? १९९६ मध्ये या पत्राचा साचा ठरला आणि टिंबांनी तोडलेले तीन आकडे आले. ५.१.१ म्हणजे त्या नावाची पेटी नाही. ५.२.२ म्हणजे पेटी भरली. ५.७.१ म्हणजे परवानगी नाही. पुढच्या काळाची सगळी भांडणं या मधल्या सातच्या घरात जमा झाली.

कारण तोवर जाहिरातींचा पूर सुरू झाला होता. कुणाचाही मेल पुढे ढकलून देणं हा एकेकाळी शेजारधर्म होता. तसे सताड उघडे सर्व्हर ठगांना आयतेच सापडले. १९९७ पासून काळ्या याद्या आल्या आणि यादीतल्या पत्त्यावरून आलेला मेल दारातूनच माघारी जाऊ लागला. सर्वांत मोठा घाव मात्र परतीच्या पत्रांवरच बसला. ऑगस्ट २००३ मधला सोबिग-एफ हा किडा पाठवणाऱ्याच्या जागी भलत्याच कुणाचं तरी नाव घालायचा. सर्व्हरांनी इमानदारीने नकार कळवला, पण ज्याने काही पाठवलंच नव्हतं त्याला. पोस्टेलचा नियम शब्दशः पाळला गेला आणि निरपराध लोकांच्या पेट्या तुंबल्या. तेव्हापासून मेल आधी ताब्यात घेऊन मग परत करण्याची पद्धत मागे पडली. नाही म्हणायचं तर दारातच म्हणा. काही ठिकाणी याच्याही पुढे जाऊन मेल घेतात आणि गुपचूप टाकून देतात किंवा स्पॅममध्ये लोटतात. परतीचं पत्र नाहीच. माझ्या मते सगळ्यांत वाईट प्रकार हाच, कारण पाठवणारा बिचारा ‘पोचलं’ समजून बसतो.

नाव खोटं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी मग पाठवणाऱ्यावर आली. ‘आमच्या डोमेनचा, म्हणजे पत्त्यातल्या ‘@’नंतरच्या नावाचा, मेल कुठल्या यंत्रांवरून निघेल’ याची जाहीर यादी म्हणजे एसपीएफ. २००६ मध्ये तिचं आरएफसी निघालं. पुढच्या वर्षी मेलवरच्या सहीचं डीकिम आलं, आणि या दोन्हींत जमलं नाही तर काय करायचं ते सांगणारं डीमार्क २०१२ मध्ये. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या डोमेनसाठी ‘न जमल्यास नाकारा’ असं जाहीर केलं आणि मेलिंग लिस्टांवर गोंधळ उडाला. याहूवाल्या सभासदाचं पत्र लिस्टच्या सर्व्हरवरून सगळ्यांना जायचं, म्हणजे याहूच्या एसपीएफ यादीबाहेरच्या यंत्रावरून. शिवाय तळाशी लिस्टची एक ओळ जोडलेली, त्यामुळे सहीही मोडलेली. जीमेलने ती पत्रं नाकारली. लिस्टच्या प्रोग्रामने ते नकार जीमेलवाल्या सभासदांच्या नावावर मोजले आणि त्यांनाच बंद केलं. एकाने पत्र लिहिलं, बाद झाले भलतेच. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलच्या खात्यांवर दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना ही तिन्ही कागदपत्रं सक्तीची आहेत. लहान पाठवणाऱ्यांनाही एसपीएफ किंवा डीकिमपैकी एक तरी लागतंच.

आता पुन्हा सेक्रेटरींचा लॅपटॉप. एकेक पत्र उघडून मधली बारीक ओळ वाचत गेलो. नऊ ठिकाणी ५.१.१. एका पत्त्यात ‘डॉट कॉम’चं ‘डॉट कॉन’ झालेलं, त्यामुळे ते डोमेनच सापडत नव्हतं. उरलेल्या पन्नासेक पत्रांत एकच आकडा, ५.७.२६ : पाठवणाऱ्याची ओळख पटत नाही. सभासद जागच्या जागी होते. पत्ता बदलला होता तो सोसायटीचा. दिवाळीत वेबसाइट नव्या सर्व्हरवर हलवली, मेलही तिथूनच निघू लागला, पण डोमेनच्या नोंदीतली एसपीएफची ओळ जुन्याच यंत्राचं नाव सांगत राहिली. ती ओळ बदलली, रात्रभर थांबलो, सकाळी नोटीस पुन्हा धाडली. दहा पत्रं परत आली, तीच आधीची दहा. सेक्रेटरींनी सभासद नोंदवही काढून पत्ते ताडून पाहिले. त्यांतले चार त्यांनी स्वतःच चुकीचे उतरवले होते.