पडद्याआधी दुकानात: विज्ञानपटांवरून लिहिलेल्या कादंबऱ्या

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात जुन्या इंग्रजी पुस्तकांच्या ढिगात 'स्टार वॉर्स'ची कादंबरी हाती लागली, तर तिच्यावरचे साल पाहून वाचक हमखास फसतो. कादंबरी १९७६ च्या अखेरीची आणि चित्रपट मे १९७७ चा, तेव्हा पुस्तकावरूनच चित्रपट निघाला असणार, असा सरळ हिशेब तो मांडतो. प्रत्यक्षात ती कादंबरी पटकथेवरून लिहिलेली आहे. लिहिली ॲलन डीन फॉस्टर यांनी आणि मुखपृष्ठावर नाव मात्र दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांचे.

हा प्रघात तेव्हाही नवा नव्हता. 'किंग काँग' १९३३ साली पडद्यावर आला, पण त्याची कादंबरी आदल्याच वर्षी बाजारात होती. व्हिडिओ कॅसेट घरोघरी पोहोचण्यापूर्वी चित्रगृहातून उतरलेला चित्रपट पुन्हा पाहणे सोपे नव्हते, आणि ती हौस भागवणारे स्वस्त पुस्तक चित्रपटाची आगाऊ जाहिरातही करत असे.

मात्र या कामाला निव्वळ नक्कल म्हणणे अन्यायाचे होईल. 'फँटास्टिक व्हॉयेज' या १९६६ च्या चित्रपटात अतिसूक्ष्म केलेली पाणबुडी, आतल्या माणसांसह, एका शास्त्रज्ञाच्या मेंदूतील रक्ताची गुठळी काढण्यासाठी त्याच्या शरीरात सोडली जाते. चित्रपटात माणसे वेळेत बाहेर पडतात, पण पांढऱ्या पेशीने गिळलेली पाणबुडी आतच राहते. कादंबरी लिहिणाऱ्या आयझॅक असिमॉव्ह यांना हे पटणे शक्यच नव्हते, कारण अतिसूक्ष्म राहण्याची मुदत संपताच पाणबुडीचे अवशेष मूळ आकाराला येऊन रुग्णाच्या चिंधड्या उडाल्या असत्या. त्यांनी आपल्या कादंबरीत ते अवशेषही बाहेर काढले. पुस्तक चित्रपटाच्या आधी आल्यामुळे असिमॉव्ह यांच्याच कथेवर चित्रपट बेतला, असा समज पुढे बरीच वर्षे टिकला. '२००१: अ स्पेस ओडिसी'चे प्रकरण याहून निराळे आहे: तेथे आर्थर क्लार्क यांची कादंबरी आणि दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक यांची पटकथा बरोबरीने घडत गेल्या, तरी कादंबरीतले यान शनीकडे जाते आणि चित्रपटातले गुरूकडे.

लेखकाच्या हाती पूर्ण झालेला चित्रपट नव्हे, तर पटकथा असते, आणि त्यामुळे संकलनात गळलेले प्रसंग पुस्तकात टिकून राहतात. 'एलियन' १९७९ साली प्रदर्शित झाला तेव्हा कोशात जखडलेल्या कप्तानाचा प्रसंग त्यात नव्हता. फॉस्टर यांच्या कादंबरीत तो होता. चित्रगृहातल्या प्रेक्षकांना तो पाहायला मिळाला २००३ च्या सुधारित आवृत्तीत.

आपल्याकडे या प्रथेच्या जवळ जाणारी वस्तू म्हणजे चित्रगृहाबाहेर नाममात्र किमतीला मिळणारी गाण्यांची चोपडी. तिच्यात कथासारही असे, पण ते ऐन मोक्याच्या ठिकाणी थांबे आणि उरलेली कथा 'रुपेरी पडद्यावर पाहा' असे सांगे. चित्रपटाची कादंबरी शेवट सांगून मोकळी होते, तर चोपडी तोच राखून ठेवी. मराठीत प्रवाह बहुधा उलटाच वाहिला. आनंद यादवांच्या 'नटरंग'सारखी कादंबरी आधी आणि चित्रपट मागाहून, हाच आपला परिचित क्रम. विज्ञानकथेपुरते पाहिले, तर जयंत नारळीकरांची 'कृष्णविवर' ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेतून पुढे आली. एकूणच विज्ञानकथा मराठीत स्पर्धांच्या आणि मासिकांच्या आधाराने वाढली. ज्यावरून कादंबरी लिहावी असे विज्ञानपटच मराठीत फारसे झाले नाहीत.