भांडारकर संस्थेच्या कपाटांत इतकं वैविध्य कुठून आलं?

जिलबी आपल्याकडे केव्हापासून होते, या प्रश्नाचा परशुराम कृष्ण गोडे यांनी १९४०च्या दशकात पोथ्यांमधून माग काढला. त्यांच्या हाताशी 'भोजनकुतूहल' नावाचा संस्कृत ग्रंथ होता. सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्त या महाराष्ट्रीय पंडिताने तंजावरला, व्यंकोजीराजांच्या राणी दीपाबाईंच्या आश्रयाला राहून तो रचला. धान्यं, भाज्या, पक्वान्नं, कशाने पित्त होतं आणि काय पचायला जड, असं सगळं त्यात आहे. गोडे १९१९ पासून पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात पोथ्यांचे रक्षक होते. तंबाखू, शोभेची दारू, वैद्यक, जुन्या ग्रंथावर भाष्य लिहिणाऱ्या एखाद्या टीकाकाराचा काळ अशा विषयांवर त्यांनी चारशेहून अधिक निबंध लिहिले. ते लिहिता आले, कारण त्या कपाटांत फक्त वेद आणि महाकाव्यं ठेवायची, असं कुणी ठरवलं नव्हतं.

या संग्रहाची सुरुवात संस्थेच्या अर्धशतक आधीची. १८६६ मध्ये मुंबई सरकारने हस्तलिखितांचा शोध घ्यायची योजना हाती घेतली. गेऑर्ग ब्यूलर, फ्रान्झ कीलहॉर्न, पीटर पीटरसन, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, काथवटे, घाटे अशा विद्वानांनी ती पुढे नेली. पद्धत साधी होती. गावोगावच्या शास्त्र्यांच्या घरी आणि जैन भांडारांत चौकशी करायची, यादी करायची, मालक देईल ती पोथी विकत घ्यायची. मालक तयार नसला, तर लेखनिक बसवून नक्कल करून घ्यायची. म्हणून इथल्या काही प्रती दिसायला अगदी अलीकडच्या आहेत, पण त्यांच्या मागे कुणाच्या तरी माजघरातली जुनी पोथी उभी आहे.

१८७५ मध्ये ब्यूलर काश्मीरला गेले. तिथून भूर्जपत्रावर शारदा लिपीत लिहिलेल्या पोथ्या आल्या. शारदा लिपीतली ऋग्वेदाची अशीच एक भूर्जपत्री पोथी संस्थेत आहे. ती आणि कागदावरच्या देवनागरी २९ प्रती मिळून ऋग्वेदाची ३० हस्तलिखितं २००७ मध्ये युनेस्कोच्या 'जगाची स्मृती' या नोंदवहीत दाखल झाली. गुजरात-राजस्थानातून प्राकृतातले जैन ग्रंथ आले. व्याकरण, न्याय, ज्योतिष, वैद्यक यांच्या टीका आणि टीकांवरच्या टीका आल्या. गोळा करणाऱ्यांनी आपली आवड बाजूला ठेवली, हे मला त्यांचं सगळ्यात मोठं काम वाटतं.

हा सरकारी संग्रह आधी एल्फिन्स्टन कॉलेजात होता, नंतर डेक्कन कॉलेजात आला. ६ जुलै १९१७ रोजी, डॉ. भांडारकरांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, संस्था स्थापन झाली आणि १ एप्रिल १९१८ रोजी सुमारे १८ हजार पोथ्या तिच्याकडे सोपवण्यात आल्या.

पुढच्याच वर्षी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला, म्हणजे अनेक प्रती ताडून जुन्यात जुना पाठ ठरवणाऱ्या आवृत्तीला, हात घातला गेला. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्यासाठी एक लाख रुपये देऊ केले होते. १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुकथनकर यांनी सूत्रं घेतली आणि कामाला शिस्त आली. एका श्लोकाला एक कागद. वरच्या ओळीत प्रचलित पाठ, अक्षरागणिक चौकटीत. त्याखाली प्रत्येक प्रतीत जिथे अक्षर वेगळं असेल, तेवढंच त्या चौकटीत भरायचं. शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ (दक्षिणेतली संस्कृत लिहायची लिपी), मल्याळम अशा लिप्या वाचणारे पंडित पुण्यात, शांतिनिकेतनात आणि तंजावरला हे तक्ते भरत होते. एकट्या आदिपर्वासाठी सुमारे साठ प्रती ताडून पाहिल्या गेल्या. एकूण आवृत्तीसाठी १२५९.

चुकांनी भरलेली प्रतही इथे कामाची होती. दोन प्रतींत नेमक्या त्याच जागी तीच ओळ गळली असेल, तर दोघींचा पूर्वज बहुधा एकच. अशा सामायिक चुकांवरून प्रतींची कुळं लागली. आपल्या घराण्यांच्या वंशावळी लावतात, तशीच ही.

प्रचलित पाठ होता नीलकंठ चतुर्धरांचा. हे मूळचे कोपरगावचे, सतराव्या शतकात काशीला राहून त्यांनी महाभारतावर टीका लिहिली. सर्वत्र वाचला जाणारा तोच पाठ जुना असेल, असं सहज वाटतं. प्रतींची साक्ष वेगळी निघाली. व्यास सांगतात आणि गणपती लिहून घेतो, ही आपल्याला लहानपणापासून पाठ असलेली कथा मूळ संहितेत धरता येईना. सुकथनकरांनी ती संहितेतून बाहेर काढली, पण शब्दन्‌शब्द परिशिष्टात छापली. जे जे वगळलं, ते तळटिपेत किंवा परिशिष्टात आहेच. उद्या कुणाला संपादकाचा निर्णय चुकला असं वाटलं, तर पुरावा त्याच पानावर मिळतो.

१९३३ मध्ये आदिपर्व पुरं झालं. त्यानंतर नेपाळचे राजगुरू हेमराज पंडित यांच्याकडून आदिपर्वाची एक फार जुनी प्रत मिळाली आणि सुकथनकरांनी निवडलेले कितीतरी पाठ तिच्यात जसेच्या तसे सापडले. २१ जानेवारी १९४३ रोजी ते गेले. श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी काम पुढे नेलं, आणि २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत आवृत्ती पूर्ण झाल्याचं जाहीर झालं.

याच पुण्यात डेक्कन कॉलेजात आणखी एक भांडार आहे, पोथ्यांचं नव्हे, चिठ्ठ्यांचं. १९४८ मध्ये सुमित्र मंगेश कत्रे यांनी संस्कृत महाकोशाचं काम सुरू केलं. ऋग्वेदापासून पुढच्या सुमारे दीड हजार ग्रंथांतले शब्द, संदर्भासह, एकेका चिठ्ठीवर उतरवले गेले. या उताऱ्यांनाच पंचवीस वर्षं लागली, चिठ्ठ्या एक कोटीच्या घरात गेल्या. कोशाचा पहिला भाग १९७६ मध्ये निघाला. त्यानंतर अनेक खंड झाले, आणि ते सगळे 'अ'पासून सुरू होणाऱ्या शब्दांचेच. 'क'च्या आणि 'ह'च्या चिठ्ठ्या धातूच्या खणांत लावून ठेवलेल्या आहेत. ज्यांनी त्या लिहिल्या, त्यांतल्या बहुतेकांना आपला शब्द छापलेला पाहता आला नाही.