पोर्टेड सबवूफर पेटी

पोर्टेड सबवूफर पेटी : मोटारगाडीच्या डिकीत ठेवायच्या सबवूफरसाठी, म्हणजे मंद्र स्वरांच्या ध्वनिवर्धकासाठी, बांधलेली आणि एका उघड्या नळीने बाहेरच्या हवेशी जोडलेली लाकडी पेटी. या नळीला पोर्ट म्हणतात. बडोद्यात गुजराती-मराठी मिसळीच्या बोलण्यात पेटीसकट सगळ्यालाच ‘बूफर’ म्हणण्याची रीत आहे. येथे वूफर आणि पेटी वेगळे धरले आहेत. वूफरचा पडदा पुढे लाट सोडतो तशीच उलट कलेची (पुढे दाब वाढतो तेव्हा मागे कमी होतो अशी) लाट मागेही सोडतो. बंद पेटीत मागची लाट कोंडून टाकतात. पोर्टेड पेटीत नळीतील हवा वस्तुमानासारखी आणि पेटीतील हवा स्प्रिंगसारखी वागते. या जोडीचे अनुस्पंदन ज्या कंप्रतेला होते तेथे पडदा जवळजवळ स्थिर राहतो आणि आवाजाचा मोठा भाग नळीच देते. त्याच वॅटमध्ये मिळणारी जादा धमक यातून येते.

उगम : पेटीचा उगम कोठे मानावा याबद्दल एकमत नाही. काहीजण व्हिट्रूव्हियस या रोमन वास्तुविशारदापर्यंत (इ. स. पू. पहिले शतक) मागे जातात. नाट्यगृहात ठेवायच्या ब्राँझच्या घटांचे वर्णन त्याने केले आहे. मात्र त्या घटांना आवाज बाहेरून मिळे, घटात ध्वनीचा उगम नव्हता. इतके मागे जायचेच तर बडोदेकरांनी माण ही तालाची घागरही पुढे करावी. प्रेमानंद या सतराव्या शतकातील बडोद्याच्या आख्यानकवीची परंपरा चालवणारे माणभट्ट बोटांत अंगठ्या घालून तांब्याच्या अरुंद तोंडाच्या घागरीवर ताल धरतात, आणि घागरीच्या पोटातली हवाही त्यात बोलते. जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फोन हेल्महोल्ट्स (१८२१–९४) यांनी १८६३ च्या आपल्या ग्रंथात अशा पोकळीचे शास्त्र मांडले, म्हणून पोकळीला त्यांचे नाव मिळाले. पण त्यांचे गोलक आवाजाचे पृथक्करण करण्यासाठी होते, आवाज वाढवण्यासाठी नव्हते. पडद्याच्या मागची लाट नळीतून उपयोगात आणण्याची कल्पना बेल प्रयोगशाळेतील आल्बर्ट थुरास यांच्या अमेरिकन पेटंटात स्पष्ट दिसते. अर्ज १९३० चा, मंजुरी १९३२ ची. उगम तेथे धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

तरीही पुढची तीसेक वर्षे ही पेटी बऱ्याच अंशी अंदाजानेच बांधली जात होती. नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात प्रसिद्ध केलेल्या निबंधात पेटीला विद्युत गाळणीचे गणित लावले आणि वूफर व पेटी यांच्या २८ जुळण्यांचा तक्ता दिला. १९७१ मध्ये अमेरिकेत पुनर्मुद्रण होईपर्यंत त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. रिचर्ड स्मॉल यांनी १९७२–७३ च्या लेखमालेत विवेचन पुरे केले. वूफरच्या खोक्यावर छापलेले एफएस (वूफरची स्वतःची कंप्रता), क्यूटीएस (त्याचे कंपन किती आवरले जाते याचा निदर्शक), व्हीएएस (पडद्याच्या आधाराइतकीच स्प्रिंग देणाऱ्या हवेचे घनफळ) हे आकडे या दोघांच्या नावाने ओळखले जातात.

आकारमान : थील यांच्या तक्त्यातील सपाट प्रतिसादाच्या (सर्व कंप्रता सारख्या जोराने देणाऱ्या) जुळणीत, गळती नाही असे धरून, क्यूटीएस ०.३८३ असते, पेटीचे घनफळ व्हीएएस भागिले १.४१४ येते आणि पेटीची कंप्रता वूफरच्या स्वतःच्या कंप्रतेएवढी राहते. घरातल्या स्पीकरला हे ठीक. गाडीत मात्र काचा बंद असताना साधारण ६०–७० हर्ट्‌झच्या खाली केबिनच मंद्र उचलते, त्यामुळे कागदावर सपाट असलेली पेटी कानाला सपाट लागत नाही. शौकीन मंडळींची त्याबद्दल तक्रार नसते. ते पेटी सहसा ३० ते ४० हर्ट्‌झच्या दरम्यान लावतात.

गोल नळीसाठी रूढ सूत्र असे : लांबी = २३,५६२.५ × नळ्यांची संख्या × व्यासाचा वर्ग ÷ (कंप्रतेचा वर्ग × घनफळ) − ०.७३२ × व्यास. लांबी व व्यास सेंमी.मध्ये, घनफळ लिटरमध्ये, कंप्रता हर्ट्‌झमध्ये. निव्वळ ५० लिटरची पेटी ३५ हर्ट्‌झला लावायची आणि १० सेंमी. आतील व्यासाची एक नळी घ्यायची तर लांबी सुमारे ३१.१ सेंमी. येते. बाहेरून ११० मिमी. असलेला सांडपाण्याचा पीव्हीसी पाइप आतून १० सेंमी.हून किंचित जास्त भरतो आणि या कामाला चालतो.

सूत्रातील ०.७३२ हा गुणक वादाचा आहे. नळीच्या दोन्ही तोंडांपुढची थोडी हवा नळीबरोबरच हलते, म्हणून नळी असते त्याहून लांब वागते. फळीत बसवलेल्या तोंडासाठी ही वाढ त्रिज्येच्या ०.७८५ आणि ०.८४९ पटींच्या दरम्यान असल्याचे इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांनी दाखवले. त्यांचा स्वतःचा कल ०.८२ कडे होता. हवेत मोकळ्या सुटलेल्या तोंडाची वाढ, सुमारे ०.६१ पट, लेव्हिन आणि श्विंगर यांनी १९४८ मध्ये काढली. ०.८५ आणि ०.६१ मिळवून व्यासाच्या भाषेत मांडले की ०.७३२ येतो. म्हणजे रूढ सूत्रात रॅली यांची वरची मर्यादा शिरली आहे, त्यांचा कौल नव्हे. वरील नळीत त्याने दीड मिलिमीटरचा फरक पडतो. दोन्ही तोंडे मोकळी किंवा दोन्ही फळीत धरली, तरी कंप्रता फार तर अर्धा-अर्धा हर्ट्‌झ इकडेतिकडे होते. चपट्या, फळ्यांच्या पोर्टात वाढ याहून बरीच मोठी असते, कारण आतले तोंड पेटीच्या भिंतींना लागून उघडते. तेथे कारागीर पोर्टच्या रुंदीचा निम्मा भाग लांबीत धरतात.

खरी अडचण नळीच्या तोंडाच्या क्षेत्रफळाची आहे. मोटार-ऑडिओत दर घनफुटाला १२ ते १६ चौरस इंच तोंड द्यावे असा ठोकताळा आहे. त्याने ५० लिटरला, म्हणजे पावणेदोन घनफुटांना, २१ ते २८ चौरस इंच लागतात. वरील नळीचे भरतात जेमतेम १२. मोठ्या आवाजात हवेचा वेग सेकंदाला १७ मी.च्या पुढे गेला की नळी फुसफुसू लागते. तशाच दोन नळ्या घेतल्या तर प्रत्येकीची लांबी सुमारे ७० सेंमी. होते आणि दोघींच्या पोटात जवळजवळ ११ लिटर जागा जाते. ही जागा, वूफरचा लोहचुंबक आणि आतले आधार वजा केल्यावर जे उरते तेच निव्वळ घनफळ. बाहेरची मापे मोजून पेटी कापणारा येथेच फसतो. पेटीच्या भिंतीला लागून वळवलेला फळ्यांचा पोर्ट आला तो यामुळेच.

बांधणी : पाऊण इंची, म्हणजे मिस्त्रीच्या भाषेत सहा सुती, एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबून केलेली फळी) किंवा प्लायवुड. सांधे फेविकॉल आणि स्क्रूने हवाबंद करतात. पाणी लागले की एमडीएफ फुगते. विश्वामित्री नदीच्या काठच्या बडोद्यासारख्या गावात प्लाय बरे.

पेटीच्या कंप्रतेखाली नळीची लाट पडद्याच्या लाटेला खाऊ लागते. बंद पेटीचा आवाज दर सप्तकाला १२ डेसिबेलने उतरतो, हिचा २४ डेसिबेलने. शिवाय पडद्यामागचा हवेचा आधार जातो आणि पडदा बेलगाम हलून त्याला हलवणारी कॉइल जखमी होते. म्हणून ॲम्प्लिफायरवर सबसॉनिक फिल्टर, म्हणजे त्या खालचे सूर अडवणारी गाळणी, लावणे आवश्यक ठरते.

हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो. २० अंश से.ला ३५ हर्ट्‌झला लावलेली पेटी बडोद्याच्या मे महिन्यातील ४० अंशांना सुमारे ३६.२ वर जाते. गुणकाच्या वादातून निघणाऱ्या फरकापेक्षा हे अधिक.

तपासणीसाठी वेगवेगळ्या कंप्रतांचे शुद्ध सूर हळू आवाजात वाजवून पडदा कोठे सर्वांत कमी हलतो ते पाहतात. तीच पेटीची कंप्रता. पाइपची नळी हिशेबापेक्षा दोनएक सेंमी. लांब ठेवतात आणि हॅकसॉने थोडी थोडी कापत कंप्रता वर आणतात. डिंकाने जोडलेल्या फळ्यांच्या पोर्टला ही सोय नाही.