बाण निघतो, पण आवाज पुढे जातो

नाशिकच्या पंचवटीत सीतागुंफेच्या रांगेत उभे असताना कांचनमृगाची कथा आठवतेच; मात्र रामाने बाण सोडला तेव्हा मारीच किती अंतरावर होता, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. भौतिकशास्त्राला पहिला प्रश्न तोच पडतो. भारतात 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यानुसार हरणाची शिकार हा गुन्हा आहे. म्हणून येथील विवेचन अमेरिकेतील आहे, जिथे परवाना घेऊन ठरावीक हंगामात धनुष्यबाणाने पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार करता येते.

मैदानावर 50 मीटरवरून 8 सेंटिमीटर व्यासाच्या मधल्या वर्तुळात बाण रोवणाऱ्या, कंपाउंड म्हणजे टोकांना कप्प्या असलेले धनुष्य वापरणाऱ्या धनुर्धराला 40 मीटरवरचे हरीण सोपे वाटेल, कारण त्याच्या हृदय-फुप्फुसांचा वेध घेण्याजोगा भाग साधारण 20 सेंटिमीटर रुंद असतो. फरक एवढाच की मैदानावरच्या लक्ष्याला कान नसतात.

कंपाउंड धनुष्यातून सुटलेला बाण सेकंदाला सुमारे 80 मीटर जातो, तर प्रत्यंचेचा आवाज सुमारे 340 मीटर, म्हणजे चौपटीहून अधिक वेगाने. हरीण दचकले की आधी पाय दुमडून खाली बसते. बाण चुकवण्याची ही युक्ती नसून उडीसाठी केलेली तयारी असते; येवल्याजवळ ममदापूरच्या माळावर उधळणारे काळवीट पाहिले, तर उडीपूर्वीची ही दबण लक्षात येईल. आता हिशोब मांडू. 20 मीटरवर बाणाला 0.25 सेकंद लागतो, आवाजाला 0.06, हरणाला प्रतिसाद द्यायला 0.1 सेकंद लागतो असे धरले, तर खाली जाण्यासाठी जेमतेम 0.09 सेकंद उरतो आणि तेवढ्या वेळात मुक्तपणे पडणारे शरीर सुमारे 4 सेंटिमीटर खाली येते. 40 मीटरवर मात्र 0.28 सेकंद उरतो आणि ही घसरण 39 सेंटिमीटरपर्यंत पोहोचते. अंतर दुप्पट झाले, घसरण जवळजवळ दसपट! नेम अचूक असूनही बाण पाठीवरून निघून जातो किंवा, त्याहून वाईट म्हणजे, जनावर जखमी होऊन पळते.

यावर वेगवान, हलका बाण हा उपाय अनेकांना सुचतो. मला तो अर्धवट वाटतो. बाण सेकंदाला 90 मीटर गेला, तरी आवाज त्याच्या पुढेच राहतो. शिवाय तेच धनुष्य हलक्या बाणाला कमी ऊर्जा देते आणि उरलेली ऊर्जा कंप व आवाज यांत जाते. दोन्ही बाणांना सारखीच 90 ज्यूल ऊर्जा मिळाली असे मानले, तरी 25 ग्रॅमच्या बाणाचा संवेग 2.1, तर 32 ग्रॅमच्या बाणाचा 2.4 किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद भरतो. आरपार जाण्यासाठी हा संवेग उपयोगी पडतो. बंदुकीची गोळी आघाताने ऊती फाडते, बाण मात्र कापतो आणि रक्तस्रावाने मारतो, म्हणून बाणाच्या टोकावरच्या पात्याची धार वेगाइतकीच महत्त्वाची ठरते. लक्ष्याला लागताच उघडणारी पाती रुंद जखम करतात, पण उघडताना थोडी ऊर्जा खातात. कमी ताकदीच्या धनुष्याला स्थिर पातेच बरे. त्यात एक मेख आहे: स्थिर पाते पुढच्या बाजूला पंखासारखे वागते, आणि मागची पिसे लहान असतील तर बाण भरकटतो.

बाणाच्या कांडीचा, म्हणजे दांड्याचा, ताठपणा हा वेगळा विषय आहे. दोन टेकूंमध्ये 28 इंच अंतर ठेवून मध्यभागी 880 ग्रॅम वजन टांगले असता कांडी अर्धा इंच वाकली, तर तिचा आकडा 500 येतो. आकडा जितका लहान, तितकी कांडी ताठ. जड पाते लावले की सुटण्याच्या क्षणी कांडी अधिक वाकते, म्हणून पाते बदलल्यावर ताठपणाही पुन्हा तपासावा लागतो.

उरतो अंतराचा अंदाज. संधिप्रकाशात 40 मीटर हे 35 वाटले, तर बाण सुमारे 15 सेंटिमीटर खाली लागतो. 20 मीटरवर अडीच मीटरची चूक अवघ्या 4 सेंटिमीटरवर भागते. लेझरचे अंतरमापक ही चूक पुसून टाकते, पण आवाजाचा हिशोब तसाच राहतो. म्हणूनच मापक हाती असूनही जाणते शिकारी 20-25 मीटरच्या आत थांबतात आणि कान टवकारून पाहणाऱ्या हरणावर बाण सोडत नाहीत.