लेबनॉनचं यादवी युद्ध (१९७५–१९९०)

भूमध्य समुद्राच्या काठावरच्या लेबनॉन देशात १३ एप्रिल १९७५ पासून १३ ऑक्टोबर १९९० पर्यंत, म्हणजे साडेपंधरा वर्षं, जे आपसातलं युद्ध चाललं त्याची ही नोंद. देश केवढा, तर १०,४५२ चौरस किलोमीटर. आपला सोलापूर जिल्हाच जवळपास १४,९०० आहे, म्हणजे करमाळा ते अक्कलकोट एवढ्या जागेत अख्खा लेबनॉन बसेल आणि वर दोन-तीन तालुके शिल्लक राहतील. तेवढ्यात सरकारमान्य पंथ १८, मारोनाइट ख्रिश्चन, ग्रीक ऑर्थोडॉक्स, आर्मेनियन, सुन्नी, शिया, द्रूझ वगैरे, प्रत्येकाचे पुढारी वेगळे आणि युद्ध पेटल्यावर बऱ्याच जणांच्या बंदूकवाल्या टोळ्याही वेगळ्या. मेलेल्यांचा आकडा साधारण दीड लाख धरतात.

सोलापुरात चहाच्या टपरीवर हा विषय निघाला तर लोक "ख्रिश्चन विरुद्ध मुसलमान" असं एका दमात सांगून मोकळे होतात. ते पहिल्या एक-दोन वर्षांपुरतं बऱ्यापैकी खरं आहे, पुढचं नाही.

वाटणी

मूळ दुखणं सत्तेच्या वाटणीचं. फ्रेंचांनी १९२० मध्ये मोठा लेबनॉन आखला, १९३२ ला जनगणना केली, तिच्यात ख्रिश्चन निम्म्याच्या जरा वर भरले. १९४३ ला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा पुढाऱ्यांनी तोंडी करार केला की राष्ट्राध्यक्ष मारोनाइट, पंतप्रधान सुन्नी, संसदेचा सभापती शिया, आणि खासदार ६ ख्रिश्चनांमागे ५ मुसलमान. म्हणजे १९६० नंतरच्या ९९ जागांच्या संसदेत ५४ आणि ४५. आता गंमत बघा, १९३२ नंतर त्या देशात पुन्हा अधिकृत जनगणना झालेलीच नाही, आजपर्यंत नाही, कारण मोजलं तर वाटे बदलावे लागतील हे सगळ्यांना ठाऊक होतं. आपल्याकडे महापालिकेची नुसती प्रभागरचना बदलली तरी केवढा आरडाओरडा होतो, तिथं तर अख्ख्या देशाचा हिशोब एका जुन्या वहीवर चालला होता. मुसलमानांची, त्यातही शियांची संख्या वाढत गेली, दक्षिणेतले आणि बेका खोऱ्यातले गरीब शिया बैरूतच्या कडेला झोपडपट्ट्यांत येऊन राहिले, आणि सत्तेतला वाटा तिथंच अडकलेला.

त्यात पॅलेस्टिनी. १९४८ पासून निर्वासित छावण्यांत होतेच, १९६९ च्या कैरो करारानं त्यांना लेबनॉनच्या भूमीवरून सशस्त्र लढा चालवायची मुभा मिळाली, आणि १९७०-७१ मध्ये जॉर्डननं यासर अराफातच्या पीएलओला (पॅलेस्टिनी मुक्ती संघटनेला) हाकलल्यावर तिचं ठाणं बैरूतला आलं. सुन्नी आणि डाव्या गटांना हा आपल्या बाजूचा आधार वाटला, तर मारोनाइटांना सरळसरळ देशातला दुसरा देश.

ठिणगी आणि ओळखपत्र

१३ एप्रिल १९७५ ला ऐन अल-रुम्माने या बैरूतच्या ख्रिश्चन वस्तीत चर्चसमोर गोळीबार झाला, फलांज या मुख्यतः मारोनाइटांच्या पक्षाचे नेते पिएर गेमायेल तेव्हा तिथं हजर होते, माणसं मेली, आणि त्याच दिवशी फलांजवाल्यांनी तिथून चाललेली पॅलेस्टिनींची बस अडवून पंचवीसच्या वर लोक मारले.

लेबनॉनच्या ओळखपत्रावर तेव्हा पंथ छापलेला असायचा, आणि ज्याच्या त्याच्या टोळीनं रस्त्यावर नाकी लावलेली. गाडी थांबवायची, कार्ड मागायचं, तो एक शब्द वाचायचा आणि माणूस ठेवायचा की संपवायचा ते ठरवायचं. ६ डिसेंबर १९७५ ला चार फलांज पोरांची प्रेतं सापडल्यावर बैरूतमध्ये एका दिवसात कित्येक मुसलमान असे निव्वळ कार्ड बघून मारले गेले, त्या दिवसाला काळा शनिवार म्हणतात. मग जानेवारी १९७६ मध्ये बैरूतच्या करंतिना वस्तीत मुसलमानांची आणि पॅलेस्टिनींची कत्तल, दोनच दिवसांनी दामूर गावात ख्रिश्चनांची, ऑगस्टमध्ये तेल अल-झातर छावणीत परत पॅलेस्टिनींची. कोणत्याच बाजूचे हात स्वच्छ नाहीत.

हिरवी रेघ

बैरूतचे दोन तुकडे झाले, पूर्व ख्रिश्चन आणि पश्चिम मुख्यतः मुसलमान. मधल्या दमास्कस रस्त्यावर बंदूकवाले सोडून कुणी फिरकेना, तिथं गवत आणि झुडपं माजली, तीच ती हिरवी रेघ. सोलापुरातही पूर्व भाग आहेच, पद्मशाली विणकरांचा, तेलुगू बोलणारा, पण तिकडून सात रस्त्याला यायला कार्ड दाखवावं लागत नाही.

या रेघेवर हुतात्मा चौक आला, आणि सोलापूरकरानं इथं जरा थांबावं असं मला वाटतं. ६ मे १९१६ ला तुर्की सरदार जमाल पाशानं तिथं अरब देशभक्तांना फाशी दिलं, त्यात मुसलमानही होते आणि ख्रिश्चनही. आपल्या चार हुतात्म्यांसारखंच की, मार्शल लॉनंतर १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे एकाच दिवशी फासावर गेले. बैरूतच्या चौकात त्या हुतात्म्यांचा पुतळा १९६० मध्ये बसवला होता, युद्धात त्याची गोळ्यांनी चाळण झाली. पुढं दुरुस्ती केली तेव्हा भोकं मुद्दाम बुजवली नाहीत.

राष्ट्रीय संग्रहालयही नेमकं याच रेघेवर. संचालक मोरिस शेहाब आणि त्यांच्या बायकोनं लहान वस्तू तळघरात भिंतीआड चिणल्या आणि हलवता न येणाऱ्या दगडी शवपेट्यांभोवती काँक्रीट ओतून ठोकळे करून टाकले. वर बंदूकवाले राहत होते, एकानं तर मोझेकलाच भोक पाडून नेम धरायची जागा केली, पण काँक्रीटच्या आतलं बरंचसं वाचलं.

कोण कुणाशी लढलं

इथं डोकं गरगरतं. १९७६ मध्ये सीरियाचं सैन्य आलं ते ख्रिश्चनांना वाचवायला, पॅलेस्टिनी आणि डाव्यांच्या विरुद्ध, आणि १९७८ ला तेच सीरियन पूर्व बैरूतच्या ख्रिश्चन वस्तीवर तोफा डागत होते. त्याच वर्षी उत्तरेतल्या एहदेन गावात फलांजवाल्यांनी माजी राष्ट्राध्यक्षाचा मुलगा टोनी फ्रांजियेला बायको आणि लहान मुलीसकट मारलं, दोन्हीकडे मारोनाइटच. १९८५ पासून शियांची अमल संघटना पॅलेस्टिनी छावण्यांना वेढा घालून बसली, मग १९८८ ला अमल आणि हिजबुल्ला जुंपले, शिया विरुद्ध शिया. शेवटी १९९० मध्ये लष्करप्रमुख जनरल मिशेल औन आणि समीर जाजाची लेबनीज फोर्सेस ही ख्रिश्चन टोळी यांनी आपलंच पूर्व बैरूत भाजून काढलं. आपल्या पंथाचा मालक कोण, यावरून सांडलेलं रक्त थोडं नाही, आणि "धर्मयुद्ध" म्हणणारे नेमकं एवढंच गाळतात.

इस्रायल १९७८ ला दक्षिणेत घुसला, तेव्हा संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आली (तिच्यात १९९८ मध्ये भारतीय तुकडीही गेली). जून १९८२ मध्ये इस्रायल थेट बैरूतपर्यंत गेला, पीएलओला ट्युनिसला जावं लागलं. १४ सप्टेंबरला नवनिर्वाचित राष्ट्राध्यक्ष, पिएर गेमायेलचा मुलगा बशीर गेमायेल बॉम्बस्फोटात गेला आणि १६ ते १८ सप्टेंबरला फलांजवाल्यांनी बैरूतच्या साब्रा-शतिला या निर्वासितांच्या वस्तीत शेकड्यांनी पॅलेस्टिनी आणि शिया मारले, बाहेर वेढा इस्रायली सैन्याचा. इस्रायलच्याच चौकशी आयोगानं ठपका ठेवल्यावर एरियल शेरॉनना संरक्षणमंत्रिपद सोडावं लागलं. २३ ऑक्टोबर १९८३ ला ट्रकबॉम्बनी बैरूतमध्ये शांततेसाठी आलेल्या फौजांतले २४१ अमेरिकन आणि ५८ फ्रेंच सैनिक मेले, पुढच्या वर्षी त्या फौजाही निघून गेल्या.

ताइफ आणि नंतर

१९८८ ला देशात एकाच वेळी दोन सरकारं होती, त्यातलं एक औनचं. ऑक्टोबर १९८९ मध्ये उरलेसुरले खासदार सौदी अरेबियातल्या ताइफला बसले, १९७२ नंतर निवडणूकच झाली नव्हती त्यामुळे खासदार तेव्हाचेच, आणि ठरलं काय तर ६:५ ऐवजी निम्मे-निम्मे, आणि राष्ट्राध्यक्षाचे बरेच अधिकार मंत्रिमंडळाकडे. नवे राष्ट्राध्यक्ष रेने मोआवाद सतरा दिवसांत बॉम्बनं मारले गेले. ताइफ न मानणाऱ्या औनला १३ ऑक्टोबर १९९० ला सीरियानं बाब्दाच्या राष्ट्राध्यक्षांच्या राजवाड्यातून हुसकलं आणि युद्ध थांबलं.

१९९१ च्या कायद्यानं जवळपास सगळ्यांना माफी, टोळ्यांचे म्होरके मंत्री झाले. बेपत्ता १७,००० च्या आसपास सांगतात, त्यांचा छडा लावायचा कायदा यायला २०१८ उजाडलं. पंथाचं राजकारण हळूहळू संपवायचं असंही ताइफमध्ये लिहिलंय, पण आज संसदेत १२८ जागा, ६४ ख्रिश्चन आणि ६४ मुसलमान, पंथानुसार मोजून. लग्नाची नोंदही पंथाच्या कोर्टातच, त्यामुळे दोन वेगळ्या पंथांच्या पोरापोरींना सिव्हिल मॅरेज करायचं तर विमानानं सायप्रस गाठावं लागतं, आणि तिथून आणलेलं सर्टिफिकेट मात्र लेबनॉनचं सरकार बिनबोभाट नोंदवून घेतं.