जिन्यातलं प्रत्येक चित्र फ्रेस्को नसतं

जुन्या निवासी इमारतीत शिरल्यावर छताला वेलबुट्टी दिसली, की कुणीतरी ‘वा, फ्रेस्को!’ म्हणतंच. कौतुकापुरतं ठीक आहे. पण हीच नोंद डागडुजीच्या कंत्राटात जाते, त्याबरहुकूम पाण्याची बादली येते आणि शंभर वर्षं टिकलेलं चित्र एका दुपारी स्पंजाला लागून निघून जातं.

फ्रेस्को बहुतेकांना माहीत असतं. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर नुसत्या पाण्यात कालवलेला रंग लावायचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कॅल्शियम कार्बोनेट बनतो आणि रंगाचे कण त्यातच कायमचे अडकतात. दुसरा प्रकार सेक्को, तो वाळलेल्या गिलाव्यावर होतो. तिथे रंग धरून ठेवायला वेगळं काहीतरी घालावं लागतं : सरस, केसीन (दुधातलं प्रथिन), अंडं, तेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या इमारतींच्या जिन्यांत आणि दिवाणखान्यांत बहुधा हेच असतं, कारण स्टेन्सिल लावून ते सवडीने आणि स्वस्तात उरकता येतं. त्यात कमीपणा काही नाही. अजिंठ्याची चित्रंही कोरड्या पृष्ठभागावरचीच आहेत.

घोळ होतो तो ओळखताना. ‘ओला कापूस फिरवा; रंग उतरला तर सेक्को, नाही उतरला तर फ्रेस्को’ हा सल्ला मला जिथे तिथे भेटतो. त्यातला पहिला भाग बऱ्यापैकी खरा आहे. दुसरा साफ चूक. सरसातला रंग पाण्याने उतरतो, पण तेलातला उतरत नाही, मुरलेला केसीनचा रंगही सहसा नाही. म्हणजे कापूस स्वच्छ निघाला याचा अर्थ इतकाच, की हा रंग साध्या पाण्यात विरघळत नाही. अल्कधर्मी द्रावणात तो टिकेल का, हे त्यावरून मुळीच कळत नाही.

आणि नेमकं तिथेच नुकसान होतं. धुराने, प्रदूषणाने फ्रेस्कोच्या पृष्ठभागावर जिप्सम धरतं. ते काढायला अमोनियम कार्बोनेटचा अल्कधर्मी लेप आणि पाठोपाठ बेरियम हायड्रॉक्साइड ही पद्धत १९६६ च्या पुरानंतर फ्लोरेन्समध्ये रूढ झाली, आणि फ्रेस्कोवर ती उत्तम चालते. तोच लेप तेलाच्या किंवा केसीनच्या रंगावर लावला, तर रंगाला धरून ठेवणारा पदार्थच खाल्ला जातो. एकाचं औषध दुसऱ्याला विष.

म्हणून कापसाच्या आधी टॉर्च घ्या. तो भिंतीला जवळपास टेकवून उजेड आडवा पाडा. खऱ्या फ्रेस्कोत एका दिवसाचा गिलावा दुसऱ्या दिवसाच्या गिलाव्यावर किंचित चढलेला दिसतो, ओल्या चुन्यात टोकाने ओढलेल्या आखणीच्या रेघाही दिसतात. सेक्कोत रंगाचा थर वेगळा उठून दिसतो, स्टेन्सिलच्या कडेला रंगाची बारीक वरंबी असते, आणि पोपडा निघतो तो रंगाचाच, खाली कोरा गिलावा ठेवून. रंगही साक्ष देतात. प्रशियन निळा ताज्या चुन्यात टिकत नाही. तो जागेवर शाबूत असेल, तर ते काम कोरड्या भिंतीवर झालेलं आहे.

एवढ्यावरही संपूर्ण भिंतीला एकच शिक्का मारू नका. अस्सल फ्रेस्कोतही अझुराइट या खनिजाचा निळा पुष्कळदा नंतर, कोरड्यावर लावलेला असतो. आकाश धुऊन गेलं आणि माणसं तेवढी राहिली, असं होतं ते यामुळेच. प्रत्येक रंगाची चाचणी वेगळी, तीही कोपऱ्यात, नखाएवढ्या जागेत. शंका असेल तर सूक्ष्म नमुना काढून सूक्ष्मदर्शकाखाली थर पाहावेत.

सेक्को ठरलं, की क्रम उलटा करायचा. आधी सुटलेले पोपडे जपानी कागद (पातळ पण चिवट कागद) लावून धरायचे, चिकटवायचे, मगच सफाई. आणि तीही आधी कोरडी, मऊ ब्रशने आणि रबरी स्पंजाने. पोकळ वाजणाऱ्या गिलाव्यामागे चुन्याचंच पातळ मिश्रण सोडायचं. सिमेंट नको, अजिबात नको : ओल आत कोंडते आणि लोणा चित्रातूनच बाहेर फुटतो.

शेवटी ‘संरक्षणासाठी’ चकचकीत वॉर्निश मारायची हौस असते, ती माझ्या डोक्यात जाते. अजिंठ्यात १९२०-२२ मध्ये इटालियन संवर्धकांनी शेलॅक, म्हणजे लाखेचं वॉर्निश, वापरलं. ते पिवळं पडलं, आणि खरवडायचं काम पुढच्या पिढ्यांच्या गळ्यात आलं.